उधाणातला गोल

...आणि वर आम्हालाच सांगतात, मशीन खोटं बोलत नाही! अहो नाही बोलत, कबूल, शंभरदा कबूल, पण मशीनला भरती कळते का? ओहोटी कळते? पायाखालची वाळू सरकते ती कळते? तुम्हाला सांगतो, त्या रविवारी आमच्या सावरबंदरच्या किनाऱ्यावर जे झालं ना, ते बघून माझा कॅमेऱ्यावरचा विश्वासच... नाही नाही, उडाला नाही, तेच तर रडगाणं आहे, बसला! आणि बसला तो थेट आमच्या अंबाजी गुरुजींच्या मानगुटीवर बसला.

अंबाजी गुरुजी म्हणजे आमचे रेफरी. तळा गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं पी.टी. शिकवली, रिटायर होऊन गावात आले, सगळं सोडलं, तंबाखू सोडली, शिट्टी नाही सोडली. बावीस वर्षं आमच्या गावचा फुटबॉलचा सामना तेच चालवतात. आणि सामना म्हणजे साधासुधा नाही हं, आंतरराष्ट्रीय! हसू नका. एका बाजूला आमचं गाव, म्हणजे भारत. दुसऱ्या बाजूला आमच्याच बोटींवरचे नेपाळी खलाशी, म्हणजे नेपाळ. आता दोन देश समोरासमोर उभे राहिले तर त्याला आंतरराष्ट्रीय नाही म्हणायचं तर काय हळदीकुंकू म्हणायचं? आणि या सामन्यात बावीस वर्षांत गुरुजींचा एक निर्णय, एक, कोणी बदलून दाखवलेला नाही. कोणी वाद घालायला आला की गुरुजी चष्म्यावरून बघणार आणि एवढंच म्हणणार, "शिट्टी वाजली की वाजली." संपलं. मग तो बोटीचा मालक असो, सरपंच असो, नाहीतर खुद्द ठमाबाई, म्हणजे गुरुजींची बायको असो. शिट्टी वाजली की वाजली.

तर या सुखात माती कालवली कोणी? परेशनं. गुरुजींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. नवी मुंबईत सीसीटीव्ही बसवायचा धंदा, गळ्यात दोन मोबाईल, आणि तोंडात वर्ल्ड कप. कमिटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणतो, "मामा, दुनिया कुठे गेली बघा जरा! बॉलच्या पोटात चिप असते आता, चिप! ऑफसाइड बघायला डझनभर कॅमेरे, खांदा बोटभर पुढे गेला तरी पकडतात. ऊन जास्त झालं तर पाणी प्यायला मॅच थांबवतात, गवत किती कापायचं तेसुद्धा ठरलेलं. आणि आपण? आपण अजून मामांच्या चष्म्यावर!" आता चष्म्यावर गेल्यावर गुरुजी गप्प बसतील? उठले. मी बाजूलाच होतो. म्हणाले, "लाव तुझं मशीन. तीन वेळा मला खोटं पाडून दाखव, तीन वेळा! ही शिट्टी तुझ्या हातात देईन आणि पुन्हा मैदानाकडे फिरकणार नाही." मी सदरा ओढला त्यांचा, म्हटलं गुरुजी, बसा, रागात काय बोलताय? पण बोलून गेले. आणि त्यांचंच तत्त्व त्यांच्या आड आलं ना... शिट्टी वाजली की वाजली!

बरं, इथवरही ठीक होतं. पण तारीख! आता आमच्याकडे बावीस वर्षांची रीत काय, तर सामना अष्टमीला नाहीतर नवमीला. का? कारण तेव्हा भांग असतो. भांग म्हणजे प्यायची नव्हे हो! पाणी मंद असतं, भरती फार चढत नाही, जाळ्यांना काही लागत नाही म्हणून बोटी बंदरात, खलाशी मोकळे, किनारा रुंद. सगळं बसतं. पण परेशला हवा रविवार. म्हणे लाइव्ह दाखवायचंय, अष्टमी सोमवारी येते, सोमवारी कोण बघणार? आणि अलिबागहून पाहुणे यायचे ते रविवारीच मोकळे. ठरला रविवार. आता त्या रविवारी तिथी कुठली, हे कोणी बघितलं? आमच्या गावात, जिथे पोर जन्मलं तरी आधी भरती होती की ओहोटी ते विचारतात, तिथे एका माणसानं पंचांग उघडलं नाही! विठोबा तांडेल, बोटीवरचा म्होरक्या, तेवढा शुक्रवारी ओरडत आला, "अरं, पौर्णिमेचा दुसरा दिस हाय तो! परतिपदा! उधाण हाय, उधाण! नवाच्या पुढं पानी कसं धावतं ठाव न्हाय का?" तर परेश काय म्हणतो? "तांडेल, आपण मच्छी नाय मारत, फुटबॉल खेळतोय." आणि माना कोणी डोलावल्या? आम्हीच. फुटबॉलला काय तिथी बघायची, असं आम्हालाही वाटलं. मीसुद्धा डोलावली, खोटं कशाला बोलू.

आणि याच्यावर कळस ऐका. मैदान दरवर्षी आखतात किनाऱ्याच्या कडेकडेनं, आडवं. परेश म्हणाला, नाही, समुद्राकडच्या बाजूला कॅमेऱ्याचा खांब कुठे रोवू, बोटीच्या डोलकाठीवर? वायर पुरत नाही! म्हणून त्यानं मैदान उभं केलं. एक गोल वर सुरूच्या झाडांजवळ आणि दुसरा गोल... थेट समुद्राच्या तोंडात. कॅमेऱ्याच्या सोयीसाठी मैदान फिरवलं हो! गुरुजी मला म्हणाले, "मशीन मैदानासाठी आणलंय की मैदान मशीनसाठी?"

सात वाजता सामना सुरू व्हायचा. सातला पाणी लांब, पार तिकडे खडकांपाशी, काही वाटत नव्हतं. पण पाहुण्यांनी माइक धरला. विषय, खेळ आणि तंत्रज्ञान. सव्वासात... साडेसात... पावणेआठ... "आणि शेवटी एवढंच सांगून..." आठ! विठोबा मागून खुणा करतोय, पाणी फिरलं, पाणी फिरलं. पाहुण्यांना वाटलं टाळ्या मागतोय. आणखी दहा मिनिटं बोलले.

सव्वाआठला शिट्टी वाजली. टॉस आपण जिंकला. आपला कप्तान रतन, त्यानं मागितलं काय? आधी समुद्राकडच्या गोलवर हल्ला करायचा. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात तोच गोल आपल्याला सांभाळायचा, पाणी चढताना! पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात? पाचव्या मिनिटाला नेपाळचा टेकबहादूर, रतनच्याच बोटीवरचा खलाशी बरं का, त्यानं वरच्या गोलमध्ये असा काही बॉल हाणला की आपला गोलकीपर निकेत अजून विचारतोय, आला का? एक-शून्य. मग रतन खवळला. खाली धावला, गोल मारला, आणि गुरुजींनी शिट्टी फुंकली. ऑफसाइड! आणि इतक्यात भोंग्यातून परेशचा आवाज, "थांबा! चेक करतोय!"

थांबले सगळे. परेशचा कॅमेरावाला ड्रोन वर फिरत होता, पण तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या किनाऱ्यावर मासळी वाळत असते, वर घारी असतात, आणि त्या घारींना तो ड्रोन काही पसंत पडेना. तीन घारी मागे लागल्या त्याच्या! परेश लॅपटॉपवर चित्र बघतोय, तर चित्रात एकदा आभाळ, एकदा वाळू, एकदा घारीचा पाय. पाच मिनिटं गेली. शेवटी माऊसनं एक वाकडी रेघ ओढली आणि भोंग्यातून, "मामा, सॉरी! रतन फूटभर मागं व्हता! गोल!" गाव नाचलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाजलेली शिट्टी परत घ्यावी लागली. एक झाला. आणि कोणी बघितलं नाही, मी बघितलं, पाणी खडक सोडून पुढे आलं होतं.

दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. आता बाजू बदलल्या, निकेत समुद्राकडच्या गोलमध्ये, आणि त्याच्या मागून लाटेची जीभ येते, जाते, येते, जाते. फक्कीची पांढरी रेघ तिथे घातली होती, ती पहिल्यांदा पुसट झाली, मग अर्धी गेली, मग गेलीच. निकेत ओरडतोय, "गुरुजी, माझी लाइन गेली!" गुरुजी म्हणाले, "पोरा, खांब आहेत ना? खेळ." दुसरं काय म्हणणार?

इतक्यात नेपाळच्या एका पोराला आपल्या माणसानं पाय घालून पाडलं. पाडलं म्हणजे काय, आडवा केला! नेपाळवाले हात वर करून ओरडले, "चेक करो! चेक करो!" भोंगा गप्प. टेकबहादूर धावत परेशकडे गेला, तर परेश म्हणतो, "बॅटरी बचाने का है, भाई." आणि दोन मिनिटांनी वरच्या गोलजवळ बॉल टेकबहादूरच्या हाताला लागला न लागला, गुरुजी म्हणाले काही नाही, खेळा... तर लगेच "थांबा! चेक करतोय!" आता बॅटरी कुठून आली? गुरुजींनी बघितलं त्याच्याकडे, आणि मला सांगा, आंधळ्यालाही कळेल, मशीनला डोळे असतात पण मशीन उघडायचं कधी, ते बोट कोणाचं असतं? निकाल आला, "हँडबॉल! मामा, सॉरी!" पेनल्टी. रतननं मारली ती सुरूच्या बनात. बॉल शोधायला आणखी सहा मिनिटं. एक-एकच राहिलं, पण गुरुजींचे झाले दोन.

दोन! आता बघा, एक चूक आणि खेळ खलास. गुरुजींचा चेहरा असा पडला होता की मला बघवेना. माणूस खोकला आला तरी शिट्टी तोंडापासून लांब धरायला लागला, उगाच वाजायला नको! विठोबा काठावरून घसा फाडतोय, "आटपा आता! धा मिनिटांत गुडघाभर येल!" समुद्राला कोण सांगणार, थांब, चेक करतोय म्हणून? शेवटची दोन मिनिटं. निकेतच्या पोटरीपर्यंत पाणी. गुरुजी खाली गोलजवळ, अनवाणी, पँट वर दुमडलेली. आणि टेकबहादूर निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, पाण्यात शिरला, फचाक फचाक फचाक, निकेत आडवा झाला, एक लाट आली, पाणी उडालं, काही दिसेना... आणि शिट्टी वाजली!

लाट ओसरली तेव्हा बॉल निकेतच्या छातीशी. रतन ओरडतोय, पकडलाय, पकडलाय! नेपाळ ओरडतंय, गोल, गोल! सगळे गुरुजींकडे बघायला लागले. आणि गुरुजींचा हात मधल्या रेषेकडे. म्हणजे गोल.

आता खरं सांगतो तुम्हाला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तुम्ही कोणाला बोलू नका. गुरुजींनी काही बघितलं नव्हतं! चष्म्यावर खारं पाणी, समोर नुसतं पांढरं, आणि त्याच क्षणी भरतीबरोबर आलेल्या एका चिंबोरीनं, एवढ्या मोठ्या खेकड्यानं, त्यांच्या पायाचा अंगठा धरला. कचकन! माणूस काय करेल? "आई गं" म्हणेल. पण तोंडात होती शिट्टी. ती "आई गं" शिट्टीतून बाहेर आली! आणि एकदा वाजली म्हटल्यावर माणसाला काहीतरी दाखवावं लागतं ना? हात उठला. बावीस वर्षांची सवय, डोक्याला विचारून उठतो का हात? पण शिट्टी वाजली की वाजली.

"थांबा! चेक करतोय!"

अहो, त्या तीन मिनिटांत गुरुजींनी काय सोसलं असेल! चिंबोरी झटकली होती, अंगठ्यातून रक्त पाण्यात जात होतं, आणि माणूस ताठ उभा. मनात एकच, गोल नसेल तर तिसरी चूक, शिट्टी गेली. गोल असेल तर? तर वाचली, पण कशावर वाचली, चिंबोरीवर? आणि आत्ताच खरं सांगून टाकलं तर? तर रतन गोल रद्द करून घेणार, आणि त्या नेपाळी पोरांनी खरंच मारला असेल तर त्यांचं वाटोळं. ओठ चावत उभे राहिले. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या टेबलावर लॅपटॉप, टेबलाच्या पायांना पाणी लागलेलं, चौघे टेबल उचलून धरतायत, ड्रोनची बॅटरी चार टक्के, परेश घामाघूम. रतन त्याच्या कानाशी, "परेश, बघ हां, आपला गाव हाय!" आणि भोंगा लाइव्ह चालू! रतनचं ते वाक्य पाहुण्यांनी ऐकलं, नेपाळनं ऐकलं, इंटरनेटवर जगानं ऐकलं. आता परेश काय करणार? दाखवलं त्यानं. पाहुण्यांसाठी बांधला होता त्या मोठ्या पडद्यावर. वरून साफ दिसत होतं हो... बॉल दोन्ही खांबांच्या पलीकडे, हातभर पलीकडे गेलेला, आणि मग येणाऱ्या लाटेनं तो ढकलून परत निकेतच्या छातीवर आणून ठेवलेला.

"गोल," परेश म्हणाला. आवाज असा आला की जसं घरातलं कोणी गेलंय. "मामा बरोबर हायत."

नेपाळ नाचलं, आमच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, हरलो तरी वाजवल्या, कारण गुरुजी राहिले ना! टेकबहादूरनं येऊन पाय धरले त्यांचे, "गुरुजी, आपने सच्चा देखा! इतने पानी में भी!" झालं. तिथेच बांध फुटला. दुसरा कोणी असता तर हार घालून घेतला असता आणि घरी गेला असता. हा माणूस भोंग्यापाशी गेला, पाण्यातून, लंगडत, आणि म्हणाला, "थांबा. मी काही बघितलं नाही. मला चिंबोरी चावली, म्हणून शिट्टी वाजली. गोल त्यांचा खरा आहे, तो राहू दे. शिट्टी माझी खोटी होती. परेश, घे बाबा." आणि गळ्यातली शिट्टी काढून हात पुढे केला.

मग रतन उसळला, "मग गोल रद्द! रेफरीच बोलतो बघितला न्हाय!" नेपाळवाले धावून आले, पाहुणे खुर्चीवर चढले, पाण्यामुळे चढले की भांडणामुळे ते कळलं नाही, आणि परेशनं सवयीनं... हो, सवयीनंच... भोंगा उचलला, "थांबा! चेक करतोय!"

काय चेक करतोस मेल्या? त्यांना दिसलं की नाही हे त्यांना ठाऊक, तू काय चेक करणार? पण त्यानं चित्र मागे नेलं, गुरुजींच्या तोंडावर थांबवलं, मोठं केलं. पडद्यावर एवढाले गुरुजी! मान बॉलकडे, डोळे फाडून उघडे, अर्थात उघडेच असणार, अंगठा कोणाच्या नांगीत असला की कोणाचे डोळे मिटतात? परेशनं गुरुजींच्या चष्म्यापासून बॉलपर्यंत माऊसनं एक सरळ रेघ ओढली. "बघा. मामा डायरेक्ट बॉलकडं बघतायत. म्हणजे बघितला."

"अरे, पण मी सांगतोय ना, नाही बघितला!" गुरुजींनी पाय वर करून अंगठा दाखवला. रक्त, नांगीच्या दोन खुणा, सगळं.

परेशनं पडदा बघितला, अंगठा बघितला, पुन्हा पडदा बघितला. "मामा, चिंबोरी फ्रेममधी न्हाय."

संपलं. कमिटीनं मान डोलावली, पाहुण्यांनी मान डोलावली, रतन पाय आपटत गेला. आणि परेशनं ती शिट्टी स्वतःच्या हातानं मामांच्या गळ्यात परत घातली. म्हणाला, पुढल्या वर्षीही तुम्हीच, तुमच्यासारखी नजर मशीनलासुद्धा नाही. लोकांनी खांद्यावर घेतलं गुरुजींना. खाली समुद्र, वर घारी, मध्ये गुरुजी, तोंड असं की जसं त्यांनाच चोरी करताना पकडलंय. मी घरापर्यंत सोबत गेलो. ठमाबाई दारातच हळदीची वाटी घेऊन उभ्या, बातमी आमच्या आधी पोचलेली. अंगठ्यावर हळद दाबत त्यांनी विचारलं, "अवो, सगळा गाव बोलतोय... एवढ्या पाण्यात तुमी खरंच बघितलात तो गोल?"

गुरुजी म्हणाले, "हो. बघितला म्हणे मी."